भाऊ म्हणतो ‘नुसती एक सही आहे’ : हक्कसोड, नॉमिनी, मृत्युपत्र आणि जुना वाडा

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं, आणि खरं सांगायचं तर असा मजकूर दर दिवाळीच्या आधी माझ्याकडे चार-पाच वेळा तरी येतो, फक्त गावाचं नाव बदलतं. आधी तुमची परिस्थिती थोडक्यात परत मांडते म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर तुम्हालाच दिसेल. वडील २०२२ मध्ये गेले, आई आहे, तुम्ही दोन भाऊ दोन बहिणी, तुमचं लग्न १९९१ चं. दिंडोरी तालुक्यात आजोबांकडून आलेली ३ एकर १० गुंठे जमीन, तिच्या सातबारावर आई आणि भावांची नावं वर आणि तुम्हा दोघी बहिणींची नावं ‘इतर हक्कात’. नाशिकच्या इंदिरानगरला वडिलांनी नोकरीच्या पैशातून घेतलेला फ्लॅट, त्याला नॉमिनी मोठा भाऊ, शिवाय फ्लॅट मलाच दिलाय असं एक मृत्युपत्रही त्याच्याकडे आहे पण ते रजिस्टर नाही. जुन्या नाशकात पणजोबांच्या वेळचा वाडा, त्यात चुलत्यांचाही हिस्सा आणि तीन जुने भाडेकरू, आणि आता बिल्डर चकरा मारतोय. आणि भाऊ म्हणतात की भाऊबीजेला येशील तेव्हा एक दिवस जास्त रहा, दुसऱ्या दिवशी रजिस्ट्रार ऑफिसला जाऊन हक्कसोड (तुझा हिस्सा आमच्या नावे सोडल्याचा दस्त) करून टाकू, नुसती फॉर्मॅलिटी आहे.

मी नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टात २६ वर्षं दिवाणी कामं करतेय, त्यातली निम्मी वाटपाचीच. सही करू नका असं मी म्हणणार नाही, तो तुमचा आणि तुमच्या माहेरचा प्रश्न आहे. पण हक्कसोड ही फॉर्मॅलिटी नाही एवढं डोक्यात पक्कं ठेवा. फॉर्मॅलिटी असती तर रजिस्ट्रारसमोर अंगठा, फोटो, दोन ओळखणारे साक्षीदार हे सगळं कशाला लागलं असतं?

आता जमिनीपासून सुरू करते कारण तिथे सगळ्यात जास्त गोंधळ असतो.

पहिला गैरसमज, जो भावाच्या ओळखीच्या कुणीतरी त्याला सांगितलेला दिसतोय, की लग्न १९९४ च्या आधी झालं म्हणून तुम्हाला हक्क नाही. हे कुठून आलं ते सांगते म्हणजे पुढच्या वेळी कुणी म्हणालं तर उत्तर देता येईल. महाराष्ट्राने केंद्राच्या आधीच, २२ जून १९९४ पासून, मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला होता पण त्यात अट होती की त्या तारखेच्या आधी लग्न झालेल्या मुलींना तो मिळणार नाही. खूप जुन्या लोकांच्या, आणि काही वकिलांच्याही, डोक्यात तेच बसलंय. नंतर केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्याचं कलम ६ बदललं, त्यात लग्नाची अट नाही. आणि मग वडील २००५ ला हयात होते की नव्हते यावरून जे वेगवेगळे निकाल येत होते ते सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा केसमध्ये संपवले, मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार आहे, वडील तेव्हा जिवंत असोत नसोत. तुमचे वडील तर २०२२ मध्ये गेले. त्यामुळे १९९१ चं लग्न इथे अडत नाही, विषय संपला.

एकच गोष्ट अडू शकते, ती म्हणजे २० डिसेंबर २००४ च्या आधी खरोखर वाटणी झालेली असेल तर, रजिस्टर्ड वाटणीपत्राने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने. आमच्याकडे कैफियतीत (म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) हमखास येणारं वाक्य म्हणजे ‘सदर मिळकतीची तोंडी वाटणी १९९८ सालीच झालेली आहे’. तोंडी वाटणी आता सहजासहजी मानत नाहीत, त्या वेळच्या सरकारी कागदात ती दिसली पाहिजे, म्हणजे फेरफार, वेगवेगळे सातबारे, वेगळा सारा. म्हणून तुम्ही पहिलं काम काय करायचं, तर त्या गटाचे जुने सातबारे, सगळे फेरफार (गाव नमुना ६) आणि आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) काढायचे. बरेच जुने कागद स्कॅन होऊन ऑनलाइन आलेत, जे नाहीत ते तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज करून मिळतात. अर्ज द्या, पोच घ्या. दोन-तीन चकरा होतील, होऊ द्या.

ते कागद कशासाठी, तर दुसरा प्रश्न सोडवायला : जमीन ‘आजोबांकडून आली’ म्हणजे नेमकी कशी आली? आजोबांना त्यांच्या वडिलांकडून आलेली असेल आणि कधीच वाटणी नसेल तर ती एकत्र कुटुंबाची, वडिलोपार्जित. पण आजोबांनी स्वतः खरेदी केली असेल आणि ते १९५६ नंतर वारले असतील तर ती तुमच्या वडिलांना हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ ने वारसा म्हणून मिळाली, आणि अशी मिळालेली मिळकत वडिलांची स्वतःची धरतात, तिच्यात मुलांना जन्मतः हिस्सा नसतो. लोक सरसकट ‘आजोबांची म्हणजे वडिलोपार्जित’ म्हणतात ते चूक आहे. आपल्या जिल्ह्यात कूळकायद्याच्या जमिनी भरपूर, कूळ म्हणून आजोबांचं नाव लागलेलं असतं, तिथे तर ती कुटुंबाची की एकट्याची यावरच वर्षानुवर्षं वाद चालतो.

आता गंमत बघा. तुमच्या घरात हिशोब दोन्ही वाटांनी एकच निघतो. वडिलोपार्जित धरली तर वडील गेले त्या क्षणी वाटणी झाली असं कागदावर समजायचं, म्हणजे वडील, आई आणि तुम्ही चार भावंडं असे सहा हिस्से. आईला का, तर आपल्याकडच्या हिंदू कायद्यात बापलेकांची वाटणी झाली की आईला एका मुलाएवढा हिस्सा मिळतो. मग वडिलांचा जो एक षष्ठांश, तो आई आणि चार मुलं अशा पाच जणांत. एक षष्ठांश अधिक एक तीसांश, बेरीज करा, एक पंचमांश. आणि जमीन वडिलांची स्वतःची धरली तरी आई आणि चार मुलं, सरळ एक पंचमांश. ३ एकर १० गुंठे म्हणजे १३० गुंठे, तुमचे २६ गुंठे. मग वाद कशाला म्हणाल, तर फरक मृत्युपत्राला पडतो, स्वतःची असती तर वडील ती अख्खी कुणालाही लिहून देऊ शकले असते, वडिलोपार्जित असेल तर फक्त स्वतःचा सहावा हिस्सा. तुम्ही म्हणता मृत्युपत्रात जमिनीचा उल्लेखच नाही, फक्त फ्लॅटचा आहे. मग जमिनीत २६ गुंठे धरून चाला. तेवढ्याचा वेगळा तुकडाही पडू शकतो, कारण तुकडेबंदीचं प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते) २०२३ च्या अधिसूचनेनं जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे आहे. हे मुद्दाम सांगते कारण भाऊ हमखास म्हणतात ‘कायद्याने तुकडा पडतच नाही, मग तुझं नाव ठेवून करणार काय’.

इतर हक्काचं. तुमच्या बाबतीत तलाठ्याने (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण तोंडात तलाठीच येतं) वारसनोंद करताना बहिणींना इतर हक्कात टाकलं. ही पद्धत आपल्याकडे किती वर्षं चाललीय काय सांगू, मुलगी म्हणजे इतर, असं जणू ठरलेलंच. पण त्यामुळे तुमचा हिस्सा एका गुंठ्यानेही कमी होत नाही. सातबारा हा महसुली कागद आहे, मालकी तो देतही नाही आणि घेतही नाही, सुप्रीम कोर्टाने हे इतक्या वेळा सांगितलंय की आता मोजणं सोडलं. त्रास वेगळा होतो. कब्जेदारात (सातबारावरच्या मालकांच्या रकान्यात) नाव नसलं की बँक भावांना पीककर्ज देते तेव्हा तुम्हाला विचारत नाही, भूसंपादन आलं तर नोटीस वरच्या नावांना आधी जाते, आणि घेणारा पार्टी उतारा बघून म्हणतो की मालक तर हेच. आता २०२७ च्या सिंहस्थाची कामं, रस्ते, सगळीकडे मोजणीवाले फिरतायत, त्यामुळे हा मुद्दा कागदावरचा राहिलेला नाही. समृद्धी महामार्गाच्या वेळी सिन्नर-इगतपुरीकडे हेच झालं, ज्यांनी वीस वर्षं बहिणीला विचारलं नव्हतं ते मोबदल्याच्या वेळी साड्या घेऊन दारात उभे, कारण संमतीवर तिची सही लागत होती.

तर तहसीलला अर्ज करून नाव कब्जेदार सदरी घ्यायला सांगा. भाऊ हरकत घेतील, मग ती नोंद तक्रारी होईल, मंडळ अधिकारी दोन्ही बाजू ऐकून निकाल देतील, विरोधात गेला तर प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) ६० दिवसांत अपील. ६० दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा, ‘बघू दिवाळीनंतर’ करून मुदत घालवलेली किती माणसं आली माझ्याकडे. आणि हे सगळं करूनही कुणाचा हिस्सा किती हे महसूलवाले ठरवत नाहीत, ते दिवाणी कोर्टच ठरवतं.

आता हक्कसोड. इथे जरा थांबते, कारण तुमचं खरं विचारणं हेच आहे.

हक्कसोड पत्र म्हणजे एका सहहिस्सेदाराने आपला हिस्सा दुसऱ्या सहहिस्सेदारांच्या लाभात सोडणं. ते रजिस्टर लागतं. नोटरीसमोर स्टॅम्पपेपरवर केलेलं चालत नाही, तलाठ्याकडे दिलेला ‘माझी हरकत नाही’ असा जबाबही चालत नाही, असं काही तुमच्याकडून आधी घेतलं असेल तर मला जरूर सांगा, त्याने हक्क जात नाही. वडिलोपार्जित मिळकतीत, पैसे न घेता, भावाबहिणीत किंवा आईवडील-मुलांत केलं तर स्टॅम्प नाममात्र आहे, पूर्वी २०० रुपये होता, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० झाला. हे स्वस्त आहे म्हणूनच सगळे हक्कसोडवर उडी मारतात.

आणि इथेच सगळ्यात मोठा खड्डा आहे. भाऊ तोंडी म्हणतो, तुला पाच लाख देतो, किंवा तुझ्या मुलीच्या लग्नात बघू. दस्तात मात्र लिहिलेलं असतं ‘कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने’. का, तर मोबदला लिहिला की खरेदीसारखा स्टॅम्प लागतो. तुम्ही सही करता, दस्त नोंदला जातो, आणि पाच लाख? त्याचा कागदच नाही, उलट तुमच्याच सहीचा कागद सांगतो की तुम्ही काही घेतलेलं नाही. मग कोर्टात जाऊन ‘मला फसवलं’ म्हणायचं तर ते तुम्हीच सिद्ध करायचं आणि तेही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. मी अशा केस चालवल्यात, दोन्ही बाजूंनी, आणि बहीण जिंकल्याची उदाहरणं बोटावर मोजण्याइतकी. एका केसमध्ये तर बाई शिकलेल्या, बँकेत नोकरीला, त्यांना रजिस्ट्रार साहेबांनी दस्त वाचून दाखवला, समजला का विचारलं, त्या हो म्हणाल्या. उलटतपासणीत मी एवढंच विचारलं, तुम्हाला मराठी वाचता येतं ना? तिथेच संपलं. मी समोरच्या बाजूला होते, पण घरी जाताना बरं वाटलं नाही.

म्हणून जर पैसे घेऊनच सोडायचं असेल तर पैसे लिहा, चेकने घ्या, स्टॅम्प लागेल तो लागू द्या. जर खरंच काही न घेता सोडायचं असेल, आणि बऱ्याच बायका मनापासून सोडतात, त्यात कमीपणा काही नाही, तर तीन गोष्टी बघा. एक, कुठल्या मिळकतीतला हक्क सोडताय ते गट नंबरसह लिहिलेलं आहे का, का शेवटी ‘व इतर सर्व स्थावर जंगम मिळकतीतील’ असं शेपूट लावलंय, त्या शेपटात वाडा आणि फ्लॅट दोन्ही जातात. दोन, कुणाच्या लाभात सोडताय. सगळे गृहीत धरतात की भावांच्याच, पण आईच्या लाभात सोडता येतं, ती पण सहहिस्सेदार आहे, आणि आईच्या नावावर जास्त जमीन राहिली की म्हातारपणी तिला घरात कुणी ताटाखालचं मांजर करत नाही. तीन, आईने तर सोडलेलं नाही ना? मला सगळ्यात जास्त राग याचा येतो, बहिणींबरोबर आईचीही सही घेतात. आईने कशाला सोडायचं? तिच्या हिश्श्याची ती पूर्ण मालक आहे, हवं तर तिने तिच्या मागे कुणाला द्यायचं ते लिहून ठेवावं, पण जिवंतपणी हात रिकामे करू नयेत.

आई जर आधीच बक्षीसपत्र वगैरे देऊन बसली असेल आणि आता बघत नसतील तर ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ आहे, कलम २३ खाली प्रांतांकडे अर्ज करून तो दस्त रद्द करून घेता येतो, पण त्यात सांभाळण्याची अट होती हे दाखवावं लागतं. जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टाने असंच एक आईचं बक्षीसपत्र रद्द केलंय. पण अट दस्तातच लिहून घेतलेली केव्हाही बरी.

हक्कसोडला पर्याय काय? वाटणीपत्र. सगळ्यांनी बसून ठरवायचं, भावांना रस्त्याकडची बाजू, बहिणींना मागची, किंवा बहिणींनी जमीन सोडायची आणि वाड्यात जास्त घ्यायचं, काहीही जमवता येतं. शेतजमिनीला तहसीलदारांकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली संमतीने वाटप होतं, आणि २०२५ मध्ये सरकारने शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी पण माफ केलीय, त्यामुळे ‘खर्च फार येतो’ ही सबब गेली. जमीन विकायची इच्छाच नसेल, भाऊच कसतोय आणि तुम्हाला फक्त नाव हवंय, तर नुसतं नाव लावून ठेवा, वाटणी मागायची कुठे घाई आहे?

आणि भाऊ तुमची सही न घेता विकायला निघाला तर? त्याचा स्वतःचा हिस्सा तो विकू शकतो, तुमचा नाही. वारसांपैकी एकाने हिस्सा बाहेर विकायला काढला तर बाकीच्यांना आधी घेण्याचा हक्क आहे, हिंदू वारसा कायद्याचं कलम २२, आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलंय. व्यवहारात काय होतं, घेणाऱ्याचा वकील स्थानिक पेपरात जाहीर नोटीस देतो, ७ दिवस किंवा १५ दिवस. आपण पेपरात ती पानं उलटवून जातो. तुमच्या गावच्या ओळखीच्या माणसाला सांगून ठेवा, नोटीस दिसली की लगेच त्या वकिलाला लेखी हरकत, रजिस्टर पोस्टाने. नव्वद टक्के पार्ट्या हरकतीचं पत्र बघूनच मागे सरतात, कुणाला आपल्या पैशाने कोर्टकचेरी विकत घ्यायची नसते.

दावा करायचाच झाला तर बायकांना मिळकतीच्या वादात कोर्ट फी माफ आहे, १९९४ च्या अधिसूचनेपासून, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं. दाव्यात आधी हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा होतो, मग शेतजमीन असेल तर प्रत्यक्ष वाटप करायला कलेक्टरकडे जातं, तिथून तहसील, भूमी अभिलेख, मोजणी. वेळ किती लागतो विचारू नका. माझ्या कपाटात एक फाइल आहे, वादी वारल्या, त्यांच्या मुली लागल्या, त्यातली एक आता आजी झाली. म्हणून आधी बोला, मग नोटीस, मग दावा, आणि दावा केल्यावरही लोकअदालतीत तडजोड करायला लाजू नका.

फ्लॅट. इथे तुमची बाजू जमिनीएवढी भक्कम नाही हे आधीच सांगते. वडिलांच्या स्वकष्टाची मिळकत, ती ते कुणालाही देऊ शकतात, एका मुलाला, शेजाऱ्याला, देवळाला. फक्त नॉमिनी असता तर मी म्हटलं असतं काळजी नको, नॉमिनी म्हणजे तात्पुरता सांभाळणारा, सोसायटीच्या कायद्यात २०१९ पासून ते स्पष्टच लिहिलंय की वारस ठरेपर्यंत तो प्रोव्हिजनल मेंबर. (आधी हे बघा की ती खरंच सोसायटी आहे का. आपल्या नाशकात बिल्डिंगला सगळे सोसायटी म्हणतात आणि कागद काढला की निघतं अपार्टमेंट, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली डीड ऑफ डिक्लेरेशन केलेलं. मग हा सोसायटीचा नियम तिथे लागत नाही, साध्या वारसाने बघायचं.)

पण मृत्युपत्र असेल तर गोष्ट वेगळी. रजिस्टर नाही म्हणून ते रद्दी, हा समज डोक्यातून काढा. मृत्युपत्राला नोंदणी सक्तीची नाही, स्टॅम्प लागत नाही, साध्या कागदावर चालतं. लागतं काय, तर करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, साक्षीदारांनी सही होताना बघितलेली हवी किंवा त्याने तसं त्यांना सांगितलेलं हवं, आणि त्यांनी त्याच्यासमोर सही केलेली हवी. आणि कोर्टात वेळ आली की त्यातला एक तरी साक्षीदार जिवंत असेल तर त्याला पिंजऱ्यात उभं करावंच लागतं. तुम्ही लिहिलंय की वडील शेवटचे आठ महिने मोठ्या भावाकडेच होते, पॅरालिसिस होता, आणि मृत्युपत्र त्यातल्याच काळातलं, साक्षीदार भावाचे मित्र. हे संशयास्पद आहे, आणि संशय दूर करण्याची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर आहे, तुमच्यावर नाही. त्याला प्रत मागा, लेखी मागा. सही वडिलांच्या पेन्शनच्या, बँकेच्या कागदावरच्या सहीशी ताडून बघा. हॉस्पिटलचे कागद मिळवा. खरंच वडिलांच्या इच्छेचं असेल तर मात्र सोडून द्या, असंही मी सांगेन, तुम्हीच लिहिलंय की त्या आठ महिन्यांत अंघोळ घालण्यापासून सगळं वहिनीने केलं.

वाडा, म्हणजे खरी डोकेदुखी. पणजोबांचं नाव अजून प्रॉपर्टी कार्डावर असेल तर तीन पिढ्यांची वारसनोंद राहिलीय, सिटी सर्व्हेला ती करून घ्यावी लागेल आणि त्यासाठी बहुतेक कोर्टाचा वारस दाखला लागेल. स्थावरासाठी आपल्याकडे हा दाखला १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो, हो, १८२७, पेशवाई बुडून नऊ वर्षं झाली होती, आणि कायदा अजून चालू आहे. बँकेतल्या पैशांचं सक्सेशन सर्टिफिकेट वेगळं, दोन्हीत गल्लत करू नका.

भाडेकरूंचं. महापालिका दर पावसाळ्याच्या आधी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, आणि घरमालक मनात म्हणतो पडला तर बरं, भाडेकरू आपोआप सुटेल. सुटत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सांगितलंय की इमारत पडली किंवा पालिकेने पाडली तरी जमिनीवरचा भाडेकरूचा हक्क तेवढ्याने संपत नाही. त्यामुळे बिल्डर जो आकडा सांगतोय त्यात भाडेकरूंना किती जागा जातेय ते आधी विचारा. शिवाय वाडा पडून कुणाचा जीव गेला तर मालक म्हणून पोलीस सगळ्यांना बोलावतात, तेव्हा ‘मी तर लग्न होऊन गेलेली’ हे चालत नाही, म्हणून नोटीस आली तर उत्तर द्या, दुर्लक्ष नको.

बिल्डरच्या विकसन करारावर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतील, तुमची पण, आणि तो सोबत एक जनरल मुखत्यारपत्र पुढे करेल. करार वाचायला वेळ घ्या, मुखत्यारपत्रात विक्रीचा अधिकार त्याला केव्हापासून मिळतो ते बघा, तुमचं क्षेत्रफळ कार्पेटमध्ये लिहून घ्या, भाडं किती महिने देणार, उशीर झाला तर काय, आणि जागा पूररेषेत येते का तेही, गोदावरीच्या जवळच्या वाड्यांना तो प्रश्न असतो आणि बिल्डर सह्या झाल्यावर सांगतो.

तुम्ही दिंडोरी तालुक्याचं लिहिलं म्हणून एक वाक्य, तुमचं नाही पण इतर कुणाच्या उपयोगाचं : आदिवासी कुटुंबांना हिंदू वारसा कायदा थेट लागू नाही, तरी १७ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने छत्तीसगडच्या गोंड कुटुंबाच्या केसमध्ये बाईलाही समान वाटा दिलाय. मुस्लिम, ख्रिश्चन घरांचे नियम पूर्ण वेगळे, वर लिहिलेलं त्यांनी लावू नये.

राहिलं तुमच्या स्वतःच्या पाथर्डी फाट्याच्या बिल्डिंगचं, पूर्णत्वाचा दाखला नाही आणि बिल्डर कन्व्हेयन्स (जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे करणारा दस्त) देत नाही. दाखल्याचं नाशिकला आठ-दहा वर्षांपूर्वी जे कपाटाचं प्रकरण झालं (कपाटाच्या जागेमुळे बांधकाम मंजुरीपेक्षा जास्त भरलं), हजारो फ्लॅट अडकले होते, त्यातली तुमची बिल्डिंग असेल तर आता नियमित करायची वाट निघालीय, पालिकेच्या नगररचना विभागात फाइल कुठे थांबलीय ते माहितीच्या अधिकारात विचारा. कन्व्हेयन्ससाठी बिल्डरच्या मागे फिरणं सोडा, सोसायटी रजिस्टर असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज करा, त्याच्या सहीशिवाय होतं. सगळ्यांच्या फ्लॅटचे करार आणि इंडेक्स टू (नोंदणी झाल्याचा उतारा) गोळा करायला सुरुवात करा, त्यातच चार महिने जातात, कारण दोन जण परदेशात असतात आणि एकाचा करार बँकेत असतो.

भाऊबीजेला जाऊन या. जाण्याआधी दस्ताचा मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घ्या, ‘तिकडे आल्यावर वाच’ म्हणाले तरी आधीच मागा, आणि जुने फेरफार मिळाले की १९५६ च्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही मला पाठवा, मग जमीन नक्की कुठल्या प्रकारची ते सांगते.